महाळुंग्याच्या कँटीनमधली भरती

असले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते फक्त हसायला, हे आधीच कबूल करते. आमचं घर बौद्ध, पिंपरीतल्या कामगार वसाहतीतलं. देव्हारा नाही, नवस नाही, दारावर लिंबू-मिरची तर नाहीच. पप्पा कंपनीत टर्नर होते. जे मोजता येतं तेच खरं, हा त्यांचा खाक्या. मीही सहा वर्षं चाकणला क्वालिटीत काढली, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळायचा. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझा राग नाही.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी एका संशोधन प्रकल्पात लागले. समुद्रशास्त्राच्या मॅडम, एक मानसशास्त्रवाले, एक समाजशास्त्रवाले... सगळे मिळून माणसाचं निसर्गाशी आणि समुद्राशी नातं काय असतं ते शोधत होते. किनारा सोडून आपल्या या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या कोकणी कुटुंबांच्या मुलाखती घेणं हे माझं काम. "समुद्राचा अभ्यास, आणि ऑफिस चिंचवडला?" म्हणून पप्पांनी आठवडाभर माझी खेचली.

आमच्या फॉर्मात एक प्रश्न होता – गेल्या पाच वर्षांत समुद्रावर गेलात का? 'नाही' आलं की पुढच्या चौकटीत टिक करायची: संबंध तुटलेला.

अनुसयाकाकींच्या फॉर्मवर मी ती टिक पहिल्या पाच मिनिटांत केली. काकी महाळुंग्यातल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. गाव दापोलीकडचं, खाडीकाठचं. नवरा वारल्यावर लहानग्या महेशला घेऊन इकडे आल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर समुद्र पाहिलेला नाही. महेश आता जवळच्याच कंपनीत शिफ्टला जातो.

मी पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात काकींचं लाटणं थांबलं. अंगात-बिंगात काही आलं नाही... दारात कुणी आलंय का म्हणून आपण थांबतो, तेवढंच. मग म्हणाल्या, "लागली सुकती." आणि पुन्हा लाटायला लागल्या.

सुकती म्हणजे ओहोटी. तव्यावरची बाई हसली. "रोजचंच हाय ताई. भरती लागली, सुकती लागली... आमच्या काकी म्हंजी कंपनीचा दुसरा भोंगा!"

मला तर घबाडच मिळालं. तीन आठवडे मी काकींच्या वेळा टिपल्या आणि त्यांच्या गावाजवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. एकही जुळली नाही. दर वेळी काकी पाऊण तास उशिरा. मी जुन्या सवयीनं लाल पेनानं 'चूक', 'चूक' लिहीत गेले. आणि – हे लिहितानाही लाज वाटते – महेशनं विचारलं तेव्हा तो कागद त्याच्या हातात दिला.

महेश आधीच टेकीला आला होता. कँटीनचे सुपरवायझर शेळके त्याला सारखे ऐकवायचे, की तुझ्या आईचं डोकं सरकलंय, तापल्या तव्यापाशी अशी माणसं नकोत, सोमवारपासून घरी बसव. कागद बघून तो काकींना म्हणाला, "आये, ताईंनी मोजलंय. सगळं चुकलंय बघ. आता डॉक्टरला दाखवू या."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "चुकतंय काय? बरं," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी लाटणं एकदाही थांबलं नाही. हात चालू, तोंड बंद. सव्वीस वर्षं त्या बाईनं जे जपलं होतं ते मी एका कागदानं बंद पाडलं होतं. आणि वर कामही जाणार होतं.

संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं.

"रोज पाऊण तास?"

"रोज."

"कधी अर्धा, कधी दीड... असं न्हाई?"

"नाही, पाऊणच."

पप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "आणि तू क्वालिटीत होतीस! अगं, मोजायचा गेज बिघडला की कधी इकडं चुकतो, कधी तिकडं. रोज तेवढाच फरक दाखवतो, त्याचा झीरो दुसरीकडं असतो. आधी झीरो शोध."

तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "गाव खाडीच्या तोंडाशी आहे की आत?" आत! चांगलं आत. बंदरात भरलेलं पाणी तिथवर पोचायला वेळ लागतो. माझा तक्ता बंदराचा होता आणि काकी आपल्या गावच्या धक्क्याची वेळ सांगत होत्या. सहा वर्षांचा क्वालिटीचा अनुभव, आणि एवढं सुचू नये मला!

शेळकेंना हे सांगितलं, तर ते ऐकेनात. "तिथीवरनं हिशेब करत असतील ओ ताई. जुन्या माणसांना येतं ते." मुद्दा बिनतोड होता, मलाही पटला. मग शनिवारी दुपारी परीक्षा ठरली. जुळलं तर काकी कामावर राहणार, हे शेळकेंनी सगळ्यांदेखत कबूल केलं.

काकीच तयार होईनात. "कशाला हसू करतंस गो माजं?"

"काकी, चूक माझी होती. एकदा मला खोटं पाडा."

भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. शेळके काकींसमोर मोबाइलमध्ये वेळ बघत बसले, महेश दाराशी उभा. मी कोठीच्या खोलीत दार लावून, कानात इअरफोन घालून व्हिडिओ कॉलवर. पलीकडे गावच्या धक्क्यावर काकींचा पुतण्या, कॅमेरा पाण्यातल्या खांबावर धरून. पाणी उतरायला लागलं की खांबावर ओली रेघ दिसणार होती. तक्त्यात पाऊण तास मिळवून सुकतीची वेळ निघाली दोन चाळीस.

दोन चाळीस झाले. बाहेर लाटण्यांचा आवाज तसाच चालू.

पंचेचाळीस... पन्नास. बाहेरून शेळकेंचा आवाज आला, "काय काकी, झोपला का समुद्र?" गेलं सगळं. मी पुन्हा फोनमध्ये पाहिलं, तर पुतण्या ओरडून सांगत होता, "ताई, अजून चढतंय पानी! बाहेरसून वारा हाय मोठा, पानी दाबून धरलंय!"

दोन अठ्ठावन्नला तो म्हणाला, "थांबलं... थांबलं... रेघ! रेघ दिसली!"

आणि बंद दारापलीकडून पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज – "लागली सुकती!"

मी दार उघडून धावले, फोन शेळकेंच्या तोंडासमोर धरला. त्यांनी दोन्ही वेळा पाहिल्या. दोन अठ्ठावन्न, दोन अठ्ठावन्न. त्यांनी टाळी वाजवली, आणि मग जो गोंधळ झाला! बायका लाटणी बडवताहेत, दुसऱ्या शिफ्टची पोरं शिट्ट्या मारताहेत, "भावा, काकींनी घेतली ना राव शेळकेंची!" महेश आईचे पिठाचे हात धरून पोरासारखा रडत होता. मीही रडले.

आता स्पष्टीकरण. पाऊण तासाचं कळलं. तिथीचा हिशेब म्हणाल तर तोही दोन चाळीसचीच वेळ देणार. पण वरची अठरा मिनिटं? तो वारा घाटापलीकडे समुद्रावर होता; महाळुंग्यात त्या दुपारी पान हलत नव्हतं. मॅडमनी अहवालात सरळ लिहिलंय – सध्या कारण सांगता येत नाही. मी काकींना विचारलं तर म्हणाल्या, "तुला भूक लागली ता कोन सांगतो गो?" कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा, मला अजून सुचलेलं नाही.

काकींच्या फॉर्मवरचं 'तुटलेला' मात्र मी लाल पेनानंच खोडलं. खोडताना विचारलं, "काकी, गाडी करून गावी जाऊन येऊ या का? समुद्र बघायला?"

काकींनी चपाती तव्यावर टाकली.

"जाव की कदीतरी. पन घाई नाय गो. तो येतो ना रोज दोनदा."