होस्टनेमचा मान

अष्टमीच्या पुलाजवळ पुंडलिक सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि तिथलं लिनक्सचं एकुलतं एक मशीन प्रणिताच्या ताब्यात होतं. जवळच्या वरसे गावाहून सायकलने यायची आणि मशीनमधलं कुठलं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा कुठला तुकडा, कुणाच्या आधाराने उभं आहे, ते भावकीतली नाती सांगावीत तसं घडाघडा सांगायची. नव्व्याण्णव साल. सोमवारी तिची स्वतःची पहिली बॅच सुरू व्हायची होती, सी लँग्वेजची. त्यासाठी पोरांचे प्रोग्रॅम मशीनला समजतील असे करून देणारा कंपायलर टाकायचा, तर डिस्क गच्च.

जागा कुणी अडवलीय ते तिला ठाऊक होतं. सरांच्या विमानांच्या खेळाने. पण रोज जेवणानंतर तासभर विमान उडवणाऱ्या माणसाला हे सांगायचं कोणी?

"बिनकामाचं असंल ते काढून टाक," सर पडद्यावरच्या यादीवर बोट फिरवत म्हणाले. "ह्यो होस्टनेम काय करतो?"

"मशीनला त्याचं नाव सांगतो."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मग फुकट बसलाय की. काढ."

"आवश्यक म्हणून नोंद आहे त्याची. ज्यांनी ही लिनक्सची सीडी बनवली, त्यांनीच केलीय."

"ते काय रोह्याला बघायला येणार हायत?"

प्रणिता खुर्चीवरून उठली. "मग तुम्हीच काढा, सर. मालकाचा हात लागलेला बरा."

सर बसले. तिने सांगितलेली कमांड त्यांनी दिली. मशीनने अट घातली: खालचं इंग्रजी वाक्य अक्षरही न चुकता टाइप करा, मगच काढतो. सर एका बोटाचे टायपिस्ट. पहिल्या खेपेला स्वल्पविराम राहिला, मशीनने धुडकावलं. दुसऱ्या खेपेला कॅपिटल हुकलं. तिसऱ्या खेपेला मात्र गाडी बरीच पुढे गेली, तशी प्रणिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. हे जमलं तर सोमवारी मशीन धड चालू होईल याचा भरवसा नव्हता.

"ह्यात लिहिलंय तरी काय?"

"'होय, हे वाईट ठरू शकतं हे मला समजतं.' कबुली आहे, सर. तुमच्या हातची."

सरांचं बोट हवेतच राहिलं.

"सर, आपल्या पालखीला जगनकाका काय करतात हो?"

"काय करायचंय? उचलायच्या आधी पालखीला काठी टेकवतो."

"बस? एवढंच?"

गेल्या साली उत्सवाच्या कमिटीत सरांनीच फर्मावलं होतं की काठीवाचून काय अडतंय, उचला. मानकऱ्याची काठी टेकली नाही म्हणून पालखी वाहणाऱ्या भोयांनी तिला हात लावला नाही, रस्त्यातच बसकण मारली. दुपारी तीनला सर स्वतः नारळ घेऊन जगनच्या दारात उभे.

"ऱ्हाऊ दे गो त्याला," सर खुर्ची मागे सारत म्हणाले. "ज्याच्यावाचून कोणाचंच अडत नाय, तेवढं काढ."

"तुम्हीच सांगितलंत हं," प्रणिता म्हणाली, आणि बसली.

सोमवारी बॅच झाली. बाराच्या बारा पोरांचे प्रोग्रॅम चालले. जेवण करून सर ढेकर देत मशीनसमोर येऊन बसले. बराच वेळ शोधाशोध.

"प्रणिता, माझं विमान कुठं गेलं गो?"

"त्याला काढताना मशीनने एक शब्दही विचारला नाही, सर."