आबांचा क्लच

अख्ख्या कोरीट गावात सायकलला इंजिन लावलेला माणूस एकच, आणि तो माझा सासरा. नवऱ्याने सुरतेहून छोटं टू-स्ट्रोक इंजिन आणलं आणि आबांच्या जुन्या सायकलच्या सांगाड्यात बसवलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा समोरची शेळी दावं तोडून पळाली, आणि मी हसून हसून ओट्यावरच बसले. अहो, आवाज केवढा! आणि वेग? म्हैस तलावाकडे निघाली तरी पुढे जाईल, इतका.

हा सगळा खटाटोप आबांच्या गुडघ्यांपायी. गुडघे गेले, बैल विकले, शेत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेलं. तेव्हापासून शेतात जायचं म्हटलं की त्यांना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावं लागायचं. "रविवारी नेतो ना," नवरा म्हणायचा. रविवार यायचा, जायचा, आबा डोक्याला टोपी घालून ओट्यावर बसलेले असायचे. जन्मभर मनात आलं की उठून शेतात जाणारा माणूस आता पोराच्या तोंडाकडे बघतो, हे मला अजिबात सहन व्हायचं नाही. सायकल चालली तर आबा मोकळे, एवढा साधा हिशेब होता.

पण क्लच जळायचा. पुन्हा पुन्हा जळायचा! या इंजिनाला किक नसते. डाव्या हाताचा क्लच ओढून धरायचा, चार पायडल मारायचे, सायकलने जरा जोर धरला की क्लच एकदम सोडून द्यायचा. चाक इंजिनाला फिरवतं आणि इंजिन पेटतं. त्यानंतर क्लचला हात लावायचा तो थांबतानाच. आत बिस्किटासारखे छोटे तुकडे असतात, तेच इंजिनाचा जोर चाकाला देतात. नवऱ्याने झाकण उघडलं की ते काळे ठिक्कर, आणि अंगणभर करपल्याचा वास.

"हे शेवटचे," नवे तुकडे बसवून नवऱ्याने जाहीर केलं. "हे जळले की इंजिन उतरवून भंगारात देणार. आबा, घरी बसा, आराम करा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. माझं डोकंच फिरलं. आराम म्हणे! स्वतःला एक सुट्टी घरात काढवत नाही आणि बापाला आराम शिकवतोय.

दुसऱ्या दिवशी नवरा नंदुरबारला ऑफिसात गेला आणि मी सायकल बाहेर काढली. पंजाबी ड्रेस चढवला, ओढणी कमरेला बांधली. आधी माझी मीच बसले. पायडल मारले, क्लच सोडला, आणि आई गं! सायकलने अशी उडी घेतली की माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. "आबानी व्हऊ उडनी रे!" कुणीतरी ओरडलं, आबांची सून उडाली म्हणे! मी पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आले तेव्हा डोळ्यांतून पाणी, केस विस्कटलेले, आणि हसू काही थांबेना. म्हणजे इंजिन चांगलं ठणठणीत होतं. खोट कुठे होती ते आता मला आबांच्या हातात बघायचं होतं.

आबांना बसवलं. गुडघ्यांना त्रास नको म्हणून कॅरिअर धरून मीच ढकलत पळाले. इंजिन पेटलं, बोंबलायला लागलं, पण सायकल आपली रमतगमत. मी शेजारून पळत त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं क्लचवरच! पूर्ण ओढलेली नाहीत, पूर्ण सोडलेली नाहीत, मधेच ताणून धरलेली. मग आतले तुकडे घासून घासून जळणारच!

"आबा, सोडा ना ते!"

"कासरा ढिला सोडाना नही," आबा शांतपणे म्हणाले. "बैल उधळस."

मी रस्त्यातच थांबले. अरे देवा! हा माणूस क्लच नव्हे, कासरा धरून बसला होता. पन्नाशी उलटेपर्यंत ज्याने बैलांचा दोर हातात ताणून ठेवला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे सोडायचं असतं. गाडी त्यांच्या हिशेबाने अगदी नीट हाकली जात होती.

"आबा, हाई बैल नही, मशीन शे!"

"मन्हा हातले सवय शे, माय."

सांगून उपयोग नव्हता. ते "हो हो" म्हणायचे, सोडायचे, आणि चार हात पुढे गेले की बोटं आपोआप परत जायची. करपल्याचा वास यायला लागला. हे तुकडे गेले तर संपलंच सगळं. शेवटी मला सुचलं.

"इंजिन पेटलं की डावा हात वर करून राम राम करायचा."

आबांनी सायकल थांबवली. "डाव्या हाताने? लोके काय म्हनतीन?"

"लोकांना नका करू. मला करा. मला चालतो."

सुनेला डाव्या हाताने राम राम! आबा असे लाजले की टोपी सरळ करायला लागले. मग त्यांनाच हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि आम्ही दोघं भर रस्त्यात मूर्खासारखे हसत उभे. "चाल, ढकल," ते म्हणाले.

मी ढकललं. इंजिन पेटलं. "राम राम!" मी ओरडले. आबांचा डावा हात वर गेला आणि सायकल माझ्या हातातून निसटलीच. अशी सुसाट, की मी टाळ्या पिटत तिथल्या तिथे उड्या मारल्या. पिंपळापाशी त्यांनी वळण घेतलं आणि शेताच्या वाटेला लागले.

दुपार झाली, आबा नाहीत. चहाची वेळ गेली. शेत तर गावाला लागूनच. मी दहादा दारात येऊन पाहिलं, मनात नको ते सगळं येऊन गेलं. नवरा परतला, आता माझी खैर नव्हती, तेवढ्यात तो आवाज आला. फरफरत, मोठ्ठा, गोड आवाज.

आबा उतरले. तोंडभर धूळ, टोपी खिशात.

"आबा, कोठे गयथात?" नवऱ्याने विचारलं.

"इकडे-तिकडे," आबा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मी सायकलच्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडलं. सकाळी काठोकाठ भरलेली, आता तळ दिसत होता. एवढ्या पेट्रोलात माणूस पार प्रकाशा गावाला जाऊन, तापीच्या काठावर बसून, कुणाला तरी ढकलायला लावून परत येऊ शकतो. नवरा शेजारीच उभा होता. मी झाकण लावून टाकलं.

न्हाणीतून आबांचा आवाज आला, "पोरी, उद्या बी पूरी भरजो."