आधी अक्षर की आधी आकडा

"फिल्म हरवली नाही, म्याडम. मी कायले खोटं बोलू?" रामटेके बाबू घामाघूम झाले होते.

१९८७ साल. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलचं रेकॉर्ड ते सांभाळत. तिथे मी नवा कॉम्प्युटर बसवून दिला होता. जुन्या एक्स-रेचा नंबर टाकला की रॅकचा नंबर मिळे. आमच्या यादीप्रमाणे सगळे रॅक नव्याने लावले होते, त्यामुळे मशीनशिवाय फिल्म सापडणं कठीण.

पारशिवनीच्या सुमनबाईंच्या फुफ्फुसात डाग दिसला होता. चार वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तो तेवढाच असला तर काळजी नव्हती. नसला तर छाती उघडायची, तीही दुसऱ्याच दिवशी. त्या जुन्या फिल्मचा नंबर पी-२१४, आणि मशीन म्हणत होतं, असं रेकॉर्डच नाही.

"मग बाबूंनीच हरवली," डॉक्टर भडकले. "लेखी खुलासा द्या."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. माझा प्रोग्राम आणि चुकेल?

तरी बाबूंना विचारलं, "हा पी कशाचा?"

"पारशिवनीच्या कॅम्पचा. इथं येते त्याले नुसता आकडा देतो. कॅम्पवाल्याले गावाचं अक्षर लावतो."

मी नुसत्या नंबरांची यादी छापून काढली. पी-२१४ अगदी वरच होता, बाकीच्या कॅम्पवाल्यांसोबत.

तेव्हा चूक लक्षात आली. यादी आम्ही बाहेरच्या मोठ्या मशीनवर क्रमाने लावून आणली होती. ते मशीन अक्षरं आधी घेई, आकडे नंतर. हॉस्पिटलच्या मशीनची रीत नेमकी उलटी. शोधताना मशीन आपण शब्दकोश उघडतो तसं मध्येच उघडतं, पुढे जायचं की मागे ते ठरवतं आणि उरलेला अर्धा भाग सोडून देतं. मध्ये आकडे दिसले. पी आकड्यांच्या नंतर असणार, असं समजून त्याने वरचा अर्धा भाग सोडला. सुमनबाई त्यातच होत्या. टेस्टिंगला मी वीस नंबर घेतले होते, सगळे नुसत्या आकड्यांचे.

तीच यादी मी तिथल्याच मशीनवर पुन्हा लावली. अर्ध्या तासात रॅक मिळाला. बाबू धावतच फिल्म घेऊन आले. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडात धरल्या. डाग तसूभरही वाढला नव्हता.

"मंग माह्यं ऑपरेशन?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाही करायचं. घरी जा," डॉक्टर म्हणाले.

बाबूंची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. डॉक्टरांनीही खुलाशाचा विषय पुन्हा काढला नाही. तेव्हापासून मशीन 'नाही' म्हणालं, की ते कुठे कुठे शोधून आलं हे मी आधी बघते. माणसाकडे बोट त्यानंतर.