बजबजचा न भाजलेला कप

कोलकात्याला बदली होऊन आठ महिने झाले, तरी माझ्या नखांत एकदाही माती गेली नव्हती. नवरा अजय बँकेत, मी सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये, आणि माझं मातीकामाचं चाक पुण्यातच विकून टाकलेलं. मी इतकी चिडचिडी झाले की शेवटी अजयच म्हणाला, "बाई गं, जा कुठेतरी आणि चिखलात हात घाल एकदाचा!" त्याच्या ओळखीतल्या एकाचा बजबजच्या पुढे कपबश्यांचा छोटा कारखाना होता. नमुन्याचे कप चाकावर करणारा कारागीर वर्षापूर्वी वारला होता. दोन दिवस काम करून दाखवा, जमलं तर ठेवतो, असा निरोप आला. मी काय, एका पायावर तयार!

कुणाला तिकडे जायचं असेल तर सेक्टर फाइव्हहून मेट्रोने सियालदह आणि तिथून बजबज लोकल. तिकीट इतकं स्वस्त की मी खिडकीवर दोनदा विचारलं. बजबज स्टेशनबाहेर कचुरी आणि बटाट्याची भाजी पोटभर खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. मग टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. ती तागाच्या गिरणीच्या लांबलचक भिंतीच्या कडेने जाते, आणि त्या भिंतीला मला तरी एकही उघडं दार दिसलं नाही.

कारखान्यात शिरले आणि गप्प झाले. मला ओळखणाऱ्यांना कळेल ही केवढी बातमी आहे ते. पंखे बंद होते, कारण वाऱ्याने ओले कप तडकतात. फळ्यांवर शेकडो कच्चे पांढरे कप, बायकांचे हात पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या. कुणी बोलत नव्हतं. मला उगीचच हळू चालावंसं वाटलं.

मला दिलेलं चाक कोपऱ्यात होतं. वरच्या फळीवर एकटाच एक कच्चा कप, कड तडकलेली. असा कप दिसला की मातीत काम करणाऱ्याचा हात डोक्याला विचारत नाही. मी तो उचलला आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. कच्ची माती पाण्यात विरते, पुन्हा वापरता येते. पुण्यात हे मी दिवसातून दहादा करायचे.

मागे कुणाचा तरी हात माझ्या खांद्याकडे आला आणि थांबला. कपांना धरायचे कान जोडणारी मिनतीदी होती, पन्नाशीची, किरकोळ अंगाची.

"तो माझ्या नवऱ्याचा होता," ती हिंदीत म्हणाली. "शेवटचा."

सुकी माती पाणी पिताना फुसफुसते, बुडबुडे सोडते. मला हे चांगलं ठाऊक आहे. तरी तो कप फार वेळ बुडबुडे सोडत राहिला, आणि ते थांबेपर्यंत एकही बाई हलली नाही.

मुकादम हलदारबाबूंनी मला बाजूला घेतलं. "आमच्याकडे वारलेल्या माणसाचं शेवटचं काम भट्टीत घालत नाहीत, दीदी. त्याला एकदा अग्नी दिलाय, पुन्हा कशाला? रोज सकाळी ती त्या कपाला हात लावून कामाला बसायची. घरी त्याचा साधा फोटोही नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी मिनतीदीचे हात धरले, माफी मागितली. तिने हात सोडवून घेतले, बादलीत घातले आणि तळाचा चिखल ओंजळीत उचलला.

"ह्याचाच कर," ती म्हणाली.

रात्रभर तो चिखल प्लास्टरच्या लादीवर सुकत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी कप केला. ती शेजारी बसून होती, पापणी न लववता. कप सरळ झाला, मी काटकोन बघायचा गुण्या लावून तपासला. कान तिने लावला.

"आता हा भट्टीत घाला," ती हलदारबाबूंना म्हणाली. "हा हात जिवंत आहे."

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेले. भाजून, चकाकी चढून कप बाहेर आला होता आणि कानाच्या बाजूला स्पष्ट कलला होता. त्याच रांगेतले बाकी सगळे कप सरळ. "आच कमीजास्त लागते कधीकधी," हलदारबाबू म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात. माती पाण्यात विरली की जुना आकार विसरते, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे.

"त्यांचे सगळे असेच कलायचे," मिनतीदी म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. टाकताना मी फक्त तडा बघितला होता, कल नाही.

तिने पातेल्यातला चहा त्या कपात ओतला. वर्षभर ज्याला पाण्याचा थेंब लावता येत नव्हता, त्यात तिने चहा घेतला, अगदी सावकाश. अर्धा झाल्यावर कप माझ्यापुढे धरला. उरलेल्या अर्ध्या चहाने तापेल त्याहून कप जास्त गरम होता. मी प्यायले.

घरी आल्यावर अजयने विचारलं, "जागा मिळाली?" देऊ केली आहे, मी अजून हो म्हटलेलं नाही. बजबजला जरूर जा, नदीकाठ बघा, कचुरी खा. फळीवरच्या कशालाही मात्र हात लावू नका.

"आणि तिने माफ केलं का?" त्याने विचारलं.

चहा दिला एवढं खरं. तो तिने दिला की तिच्या नवऱ्याने, ते मला अजून कळलेलं नाही.