सायलेन्सरनं भाजलेला खांदा

माझ्या धाकट्या भावाचा खांदा मोटारसायकलच्या सायलेन्सरनं भाजला, असं तो स्वतःच सांगत होता. आता सायलेन्सरनं पोटरी भाजते, फार तर घोटा. खांद्यापर्यंत सायलेन्सर पोचायचा तर माणूस गाडीवर नाही, गाडी माणसावर बसली पाहिजे. पण जळकोटच्या स्टँडवर चहा पिता पिता त्यानं हे सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी "जपून चालवत जावा, गुरुजी" म्हणून माना हलवल्या. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मास्तर खोटं बोलत नाही अशी आमच्याकडं अजून समजूत आहे.

मी मात्र ऐकताक्षणी ओळखलं. माझ्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे, लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत पडलेली. "खांबाला लागलं" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय, की झोपेतून उठवून विचारलं तरी तेच सांगेन. ज्याच्यामुळं लागलं तो आता थकलाय. त्याच्या बीपीच्या गोळ्या मीच देते, आणि वेळेवर देते, यातच माझा मोठेपणा समजून घ्या.

तर भावाला मी बाजूला घेतलं आणि विचारलं, "तवा का उलथणं?"

त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाला, "उलथणं. कुणाला सांगू नको, आक्का."

भावजय वाईट बाई आहे असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकाला चांगली, बोलायला गोड, आईचे गुडघे दुखले तर तेल लावून देणारी. पण राग आला की हाताला लागेल ते भावाच्या अंगावर. कधी तांब्या, कधी चप्पल, आणि त्या दिवशी चुलीवरून काढलेलं उलथणं. शेजारपाजाऱ्यांना आवाज जायचा. गावात "गुरुजींना घरी छडी आहे" असा विनोद होता, आणि तो सांगताना लोकांना कोण आनंद व्हायचा! नवऱ्यानं मारलं की लोक म्हणतात, संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच. बायकोनं मारलं की तेच लोक खिडकीत कान लावून बसतात, तिकीट असतं तर तेही काढलं असतं. मार खाणाऱ्याला लागतं, हे दोन्हीकडं कुणाच्या गावीही नसतं.

मग एके दिवशी तिचा हात वर गेला आणि भावानं मनगट धरलं. बांगड्या फुटल्या. ती तशीच माहेरी गेली. माहेर लांबच्या जिल्ह्यातलं. काही दिवसांनी तालुक्याच्या ठाण्यातून बोलावणं आलं, भावाला, आईला आणि मला.

मला म्हणजे काय, नणंदेला! लग्नात वरमाय लागते तशी तक्रारीत नणंद लागतेच. मी राहते तामलवाडीला, माझ्या घरच्या कामातून मान वर निघत नाही, आणि तक्रारीत मी दर रविवारी येऊन भावजयीला बदडत होते. आईनं केस धरून फरफटत नेलं म्हणे. आमच्या आईला उभं राहायला आधी भिंत धरावी लागते.

इथं एक सांगते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की ही बाई बायांच्या कायद्यावर उठली. मुळीच नाही. तो कायदा माझ्या वेळेलाही होता म्हणे. आमच्या गल्लीपर्यंत येणारी एसटी तेवढी नव्हती. म्हणून तर खोट्या तक्रारीचा मला दुप्पट राग आला. जिला खरंच लागलंय तिच्या तोंडातलं वाक्य हिनं उसनं नेलं होतं.

ठाण्यामागच्या खोलीत समजूत घालणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, आणि एक लेडीज कॉन्स्टेबल तक्रार मोठ्यानं वाचत होती. समोरच्या बाकावर भावजय आणि तिचा भाऊ. वाचता वाचता कॉन्स्टेबलबाई एका ठिकाणी आली. पतीनं ऐन पौष महिन्यात अणदूरच्या देवळात, खंडोबासमोर, बेलभंडारा उचलून 'पुन्हा हात लावणार नाही' अशी शपथ घेतली आणि घरी येताच मारलं, असं लिहिलं होतं. बेल आणि हळद हातात घेऊन देवापुढं बोललेला शब्द मोडणं म्हणजे आमच्याकडं खुनापेक्षा जरा खालचा गुन्हा. तिच्या माहेरी ज्यानं तक्रार लिहून दिली त्यानं हे कुठून तरी ऐकलं असणार. जागा बरोबर हेरली होती.

फक्त कॉन्स्टेबलबाई थांबली. "पौषात?" ती म्हणाली. "पौषात देव अणदूरला असतो व्हय?"

मॅडमनी वर बघितलं. दारात चहाचे कप घेऊन उभा असलेला माणूसही हसला. आमचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला राहतो आणि पौषाच्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामाला असतो. दोन गावांत तसा करारच आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, लांबच्या जिल्ह्यातल्या माणसाला कुठून असणार?

आई तर खुर्चीतून उठायलाच निघाली. "देव नळदुर्गाला, आन् ह्यानं शपथ कुणाम्होरं घेतली? कुलपाम्होरं?"

भावजय खाली बघून म्हणाली, "तसं लिहावं लागतं, असं सांगितलं मला."

मग मॅडम तिच्यावर जी उखडल्या! माझ्या म्हाताऱ्या आईवर आळ घेतला तोवर त्या शांतपणे ऐकत होत्या. माणसाविरुद्ध खोटं बोललेलं आम्हाला चालतं. देवाला गैरहजेरीत साक्षीला बोलावलेलं चालत नाही.

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! मॅडम भावाकडं वळल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "गुरुजी, झालं गेलं सोडा. पण एखाद्या वेळेस हात उचलला असेलच की. तेवढं लिहून द्या, माफी मागा. त्या तक्रार मागं घेतात. दोघं जोडीनं घरी जा."

"देतो लिहून," भाऊ म्हणाला.

"तू मारलंस का हिला?" मी विचारलं.

तो माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, "आक्का, मारलं म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. मार खाल्ला म्हटलं तर शाळेतली पोरं जन्मभर हसतील."

मारकुटा म्हणवून घ्यायची त्याची तयारी होती, मार खाणारा म्हणवून घ्यायची नव्हती. आणि सही केली की ती कबुली त्याच्या डोक्यावर कायमची बसणार होती. पुढच्या वेळी उलथणं तोंडावर बसलं तरी कोण खरं आणि कोण खोटं हे आधीच ठरलेलं असतं.

"मॅडम, त्याचा खांदा बघा," मी म्हटलं.

कॉन्स्टेबलबाई गालात हसली. "बाईच्या हातात असा कितीसा जोर असतो हो?"

"सायलेन्सरनं भाजलंय," भाऊ म्हणाला आणि त्यानं पेन उचललं.

माझं डोकं फिरलं. मी उठले, मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि भुवईवर बोट ठेवलं. "ही खूण कशाची आहे, विचारा."

मी तोंड उघडायच्या आत आईनंच उत्तर दिलं. "खांबाला लागलं व्हतं तिला. लई वर्षं झाली."

"आई," मी म्हटलं, "आमच्या घरात खांबच नाही."

मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. भावानं माझ्याकडं बघितलं, पेन टेबलावर ठेवलं आणि सदऱ्याची बटणं काढायला लागला. मॅडमनी दार लावून घ्यायला सांगितलं. खांद्यावर उलथण्याचा आकार जसाच्या तसा उठला होता. भावजयीनं तो उजेडात पहिल्यांदाच बघितला असावा. "एवढं लागलं होतं?" असं काहीतरी ती पुटपुटली. मॅडमनी कोरा कागद घेतला आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं.

भाऊ आता शाळेजवळ खोली करून एकटा राहतो. भावजयीनं तक्रार मागं घेतली, पुढचं चाललंय. गावात विनोदही चालू आहेत, आता त्यात सायलेन्सरची भर पडली आहे. भाऊ म्हणतो, हसू देत.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती.

"किती येळा आले गं तुझ्या घरी," ती म्हणाली. "भितीला टेकून च्या पिले. खांब कुटंय, आसं मनात बी आलं न्हाय."

देव कोणत्या महिन्यात कोणत्या गावाला असतो, हे आईला कुणीही न विचारता सांगता येतं. मी तिचा हात हातात घेतला आणि आमचा थांबा येईपर्यंत सोडला नाही.