बेडरूमचा एक कोपरा

डोक्यावरची टोपी मागे सरकवायची, समोरच्या अडचणीकडे जरा बघायचं आणि म्हणायचं, "होऊन जातंय की!" आमच्या शेजारच्या काकांची ही रीत. गॅसची नळी गळो की कुणाच्या मुलीचं लग्न मोडो, काका हेच म्हणत. बऱ्याचदा काही होत नसे, पण ऐकणाऱ्याला धीर येई. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेलच.

काका नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होते. नोकरीत असताना बांधलेलं घर जुन्या पद्धतीचं. संडास मागे, अंगणाच्या टोकाला. काकूंचे गुडघे गेले आणि ते अंगण त्यांना लांब पडू लागलं. त्यावर कुणाला न सांगता त्यांनी उपाय काढला. दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही. तेही नांदेडच्या उन्हाळ्यात! एकदा चक्कर येऊन पडल्या, डॉक्टर रागावले, तेव्हा काकांना हे कळलं. त्यांचे डोळे भरून आले. "ही तहान मारून राहिली, अन् मी शेजारी बसून चहा पिऊन राहिलो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बेडरूमच्या कोपऱ्यात खडूने रेघा ओढल्या. "हितं संडास-बाथरूम."

"निजायच्या खोलीत?" काकू कडाडल्या. "अन् भिंतीपलीकडं देव हायेत माझे!"

"देवाला विचारलं मी. म्हणला, माझं काय, बैठकीत बसतो. येणारं-जाणारं तरी दिसंल."

जन्मात कधी उदबत्ती न लावलेल्या काकांनी अंघोळ करून स्वतः देव हलवले. बाळकृष्ण कुठं, टाक कुठं, हे काकू दारातून ओरडून सांगत होत्या.

मग मिस्त्रीला बोलावून तालीम सुरू झाली. खडूच्या चौकोनात प्लास्टिकची खुर्ची ठेवून काका काकूंना बसवत, उठवत. "उठताना हात कुठं जातोय बघू." काकू भाकरी थापता थापता उठून आलेल्या. भिंतीवर पिठाचा पंजा उमटला. "मिस्त्री, धरायचा दांडा हितंच," काका म्हणाले. उरलेल्या खोलीत डबलबेड काही मावेना. तो लेकीकडे गेला. काकूंना कॉट आली आणि काकांनी स्वतःसाठी बाज टाकली.

बाथरूम तयार झालं. मी कौतुकाने बघायला गेले, तर काकू काठी टेकत मागच्या अंगणातच निघालेल्या! काका हबकले. काकू काही सांगेनात. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे तिथंच बसलेले असतात गं. ऐकू जातं. लई लाज वाटती." लेकरं झाली, नातवंडं झाली, आणि ही लाज अजून तशीच!

काकांना हे सांगताना माझीच जीभ अडखळली. वाटलं, हसतील. पण ते हसले नाहीत. "हाव, बरोबर हाय तिचं," म्हणाले. तेव्हापासून काकू बाथरूमला जायला उठल्या की काका पायात चपला सरकवून फाटकाशी येत आणि मोठ्या आवाजात काहीही विचारत.

"काय गं पोरी, नळ आला का?"

"आज भाजी कोणती?"

सारी गल्ली ओळखून होती. कुणी थट्टा केली नाही. उलट काकांना लवकर परतावं लागू नये म्हणून आम्ही उत्तरं लांबवायचो. भाजीवरून गोष्ट मसाल्यावर जायची, मसाल्यावरून माहेरावर. काकू पोटभर पाणी पिऊ लागल्या, तोंडावर तेज आलं.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. तेरावं झालं, लेक सासरी परतली. मी दुपारची काकूंजवळ बसले होते. तांब्यातलं पाणी पिऊन त्या काठीने उठल्या, बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. भिंतीला उभी करून ठेवलेल्या बाजेकडे न बघताच सवयीने म्हणाल्या, "जावा की ओ बाहेर."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच उभ्या राहिल्या.

मला रडू आवरेना. मी चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन फाटकाशी उभी राहिले.