फासळ्यांमधली खरखर

माझ्या मित्राला वाघाने नेलं त्याला दोन उन्हाळे झाले. तेंदूपत्ता तोडायला गेला होता. त्याने अर्धवट सोडलेला विमानाचा पंख अजून त्याच्या घरात, छपराखाली टांगलेला आहे. मॉडेलचाच, पण बाजेएवढा लांब.

चंद्रपूरच्या कॉलेजात त्याने जुन्या शिकाऊ विमानाचा उघडा पंख पाहिला आणि पागल झाला. लेका, वरून पत्रा अन् आतून बैलासारख्या फासळ्या, असं गावभर सांगत फिरायचा. पंखाला आकार येतो तो या फासळ्यांमुळे. पुढून फुगीर, मागे निमुळत्या. पुढचा आणि मागचा लांब दांडा त्या एकमेकांशी जखडून ठेवतात. त्या नसतील तर पंख म्हणजे वाळत घातलेलं लुगडं. एवढं मला त्याच्यामुळे कळलं. बाकी मी मोर्चे काढणारा माणूस.

त्याने फासळ्या बांबूच्या केल्या. कामट्या विस्तवावर शेकून वाकवायच्या, मग काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचं. आमच्याकडे बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात; चांदण्यात तोडला की भुंगा लागतो, आतून पोखरून पीठ करतो. हे त्यालाही माहीत होतं. पण आपल्याच जंगलातल्या चार बांबूंना जंगल खात्याच्या साहेबांची परवानगी लागते. ती आली भर चांदण्यात, आणि मुदत पौर्णिमेपर्यंतच. बांबू कधी तोडायचा हे ठरवणार कोण, तर ज्याने जन्मात कोयता धरला नाही तो.

या उन्हाळ्यात त्याच साहेबांच्या ऑफिससमोर धरणं ठरलं. पंख मंडपात टांगावा, लोकांनी बघावं परवानगीने काय होतं ते, म्हणून मी तो मागायला गेलो. तोवर टिकावा म्हणून भुंग्याचं औषधही घेतलं.

दुपार होती. त्याची आई पंखाखालीच बसून मोहफुलं निवडत होती. जमिनीवर पिवळं पीठ सांडलेलं. ती ते झाडत नव्हती. मी बोलत होतो आणि तिचं लक्ष वर होतं. मग मलाही ऐकू आलं. खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र. काचेने कामटी खरवडावी तसं.

"माय, हा भुंगा हाय," मी म्हटलं.

"मले सांगतं का रे? जल्म गेला माहा झाडीत. भुंगाच हाय. पण आवाज त्याच्या हातचा हाय." मग औषधाच्या बाटलीकडे पाहून म्हणाली, "ते लावलं तं तो काम बंद करन."

अंधश्रद्धेवर मी पत्रकं लिहिली आहेत, चौकात भांडलो आहे. तिथे मात्र उगाच हात वर करून एक फासळी धरली. ती मुठीतच चुरली. आवाज थांबला.

ती उठली. "हात काढ."

मी काढला. आम्ही दोघं तसेच उभे. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मीसुद्धा मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, कर ना बे सुरू.

पलीकडच्या टोकाला खर्र झालं.

ती खाली बसली. बाटली मी पिशवीत टाकली, पंखाचा विषय काढला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, चांगल्या फासळ्या अजून किती उरल्या, तू उंच आहेस, पाहून सांग. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जिकडेतिकडे भोकं.

"हायेत, माय," मी म्हटलं. "लय हायेत."